अठ्ठावीस सेकंदांची आई

१

आमच्या स्वयंपाकघरात ऊन फक्त दुपारी तीन ते चार येतं. समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून ते ओट्यावर उतरतं, आधी मिक्सरवर, मग शेगडीवर, आणि चारच्या सुमाराला फ्रिजच्या दारावरून निघून जातं. म्हणून आमचं शूटिंग तीन वाजता. मी शाळेतून दीडला येते, जेवते, गणवेश बदलते आणि पावणेतीनला मोबाईल पुसायला घेते. लेन्सवर बोटाचा ठसा राहिला की सगळं धुरकट दिसतं.

आई वऱ्हाडी मसाले करून विकते. नऊ वर्षांपूर्वी बाबांना इकडे कंपनीत काम मिळालं, तेव्हा आम्ही यवतमाळकडून पुण्यात, बिबवेवाडीत आलो. आईचा मसाला आधी फक्त सोसायटीत माहीत होता. गेल्या वर्षी मी 'सोनालीचा वऱ्हाडी मसाला' असं अकाउंट उघडलं आणि त्यावर रील टाकायला लागले. आई करते, आई बोलते, आई दिसते. मी मोबाईलच्या मागे असते. मला तेच बरं वाटतं. वर्गात बाईंनी नुसतं "ऋतिका" म्हटलं तरी माझे कान गरम होतात.

पद्धत अशी आहे. मोबाईल स्टँडवर लावायचा आणि चालूच ठेवायचा. थोड्या थोड्या वेळाने मी बटण दाबून नवा तुकडा सुरू करते. तासाभरात साठेक तुकडे होतात. त्यातले कामाचे सात-आठ ठेवायचे, बाकीचे डिलीट. ठेवलेले कापून जोडले की अठ्ठावीस सेकंद होतात. तीसच्या पुढे गेलं की लोक पुढे सरकतात, हे मी आकडे बघून शोधून काढलं आहे.

डिलीट काय करायचं तेही ठरलेलं होतं. सगळ्यात आधी माझा आवाज. मग आईचा खोकला, कारण मिरच्यांचा धूर तिच्या छातीत इतकी वर्षं बसलाय की शेगडीसमोर ती खोकल्याशिवाय उभीच राहू शकत नाही. मग कुडत्याला हात पुसणं. मग बोलता बोलता तिच्या तोंडून निसटणारं 'मले' आणि 'तुले'. कॅमेऱ्यासमोर आई पुस्तकातलं बोलते, पण मध्येच घसरते.

आणि मग घरं.

आई भाजताना घड्याळ बघत नाही. तिच्या गावात बायका गल्लीतली घरं मोजत भाजतात. वेशीपासून सुरुवात करायची, मनातल्या मनात चालत जायचं, एकेका घराचं नाव घ्यायचं. "गेनबाचं, वेणूबाईचं, पडकं घर, दत्तोबाचं, इहीर, रंगरावचं..." तीळ विहिरीपर्यंत भाजतात. धने देवळापर्यंत. खोबरं देवळापासून परत वेशीपर्यंत. मध्येच कोणी हाक मारली तर आई त्या घरापाशी थांबते, उत्तर देते आणि तिथूनच पुढे निघते. मसाला कधी करपला नाही.

पण कॅमेऱ्यात ते फक्त पुटपुटणं दिसायचं. एक बाई कढईत बघून ओठ हलवतेय. कंटाळवाणं. मी ते दर वेळी काढून टाकत होते.

२

पावसाळा संपता संपता आमचे फॉलोअर चारशेवरून एकोणीस हजार झाले. खाली लोक लिहायचे, "किती सहज करता ताई", "अस्सल", "असं साधं आता बघायला मिळत नाही". मला आतून थोडं हसू यायचं. त्या सहजपणामागे माझे चार तास असायचे.

खालच्या मजल्यावरच्या कुसुमकाकू निवृत्त शिक्षिका आहेत. जिन्यात भेटल्या की त्या चष्म्यावरून बघतात.

"सोनाली, तुमचं रील पाहिलं. धने अडीच सेकंदांत भाजले. गॅस कुठला वापरता?"

आई हसली. "काकू, ते ऋतिका कापते मधलं."

"कापते? मग मधलं जातं कुठे?"

"कुठे जाणार? डिलीट."

"असं होय. आमच्या वेळी वेळ घालवावा लागायचा. आता कापता येतो म्हणजे." आणि त्या पिशवी सावरत खाली गेल्या.

त्याच आठवड्यात मला पहिल्यांदा काहीतरी खटकलं. तुकडे निवडताना मी नेहमीसारखा खोकला शोधत होते. सवयीने. एकूण बावन्न तुकडे होते. एकातही खोकला नव्हता.

रात्रीच्या जेवणाला मी म्हटलं, "आईचा खोकला गेला."

बाबा म्हणाले, "अरे वा. मी म्हणतच होतो, काढा चालू ठेव म्हणून."

आईने काढा घेतल्याचं मला आठवत नव्हतं. पण खोकला जाणं वाईट कसं असेल? मी स्वतःला समजावलं की एक्झॉस्ट पंखा नवीन आहे. पंखा मे महिन्यात बसवला होता. आता ऑक्टोबर होता.

३

पुढच्या सोमवारी काळ्या मसाल्याचं शूटिंग होतं. आईने कढईत धने टाकले आणि हलवायला लागली. मी तुकडा सुरू केला, थांबवला, पुन्हा सुरू केला. काहीतरी कमी होतं आणि ते काय आहे हे मला पटकन कळेना. फ्रिज घरघरत होता, झारा कढईला लागत होता. बस्स.

"आई, आज घरं नाही मोजलीस?"

"कसली घरं?"

"गावातली. गेनबाचं, वेणूबाईचं."

आईने माझ्याकडे पाहिलं. "धने मंद आचेवर तीन ते चार मिनिटं भाजायचे," ती म्हणाली. "खमंग वास सुटेपर्यंत."

मोबाईल बंद होता. मी तेव्हा पाणी प्यायला उठले होते. कॅमेरा बंद असताना आई माझ्याशी असं कधीच बोलत नाही. कॅमेरा बंद असताना ती म्हणते, "रितू, पाह्य बरं, झाला का वास?"

मला वाटलं, सवय झाली असेल. माणूस रोज एक तास जसं बोलतं तसं हळूहळू बोलायला लागतं. मीसुद्धा घरी वऱ्हाडी बोलायचे, तिसरीत असेपर्यंत. ते कधी बंद झालं मला सांगता येणार नाही. एके दिवशी नव्हतं, एवढंच.

धने अगदी बरोबर भाजले गेले. एकही दाणा काळा नाही.

४

त्यानंतर मी आईकडे बघायला लागले. म्हणजे आधी मी मोबाईलमध्ये बघत होते, आता तिच्याकडे.

आमच्या स्वयंपाकघरातली एक फरशी सुटलेली आहे, सिंक आणि शेगडीच्या मध्ये. तिच्यावर पाय पडला की ती टक असा आवाज करते. मंगळवारी मी टेबलाशी भूमितीचा गृहपाठ करत बसले होते. आई सिंकशी होती. मी वहीत रेघ ओढली, वर पाहिलं, तर आई शेगडीशी होती. टक झालं नव्हतं.

रेघ ओढायला किती वेळ लागतो? मी पुन्हा खाली बघितलं आणि मनात तीन म्हणेपर्यंत थांबले. वर बघितलं. आई फ्रिजपाशी, हातात दह्याचं भांडं, झाकण उघडलेलं. दार उघडल्याचा आवाज नाही, बंद केल्याचा नाही.

मी उठून त्या फरशीवर पाय दिला. टक. फरशी ठीक होती.

"काय गं?" आईने विचारलं.

"काही नाही."

मग मी पापणी न हलवता बघायचं ठरवलं. डोळ्यांत पाणी आलं तरी बघत राहिले. तेव्हा आई सगळ्यांसारखीच चालत होती. पाय उचलत होती, ठेवत होती. फरशी वाजत होती. मला स्वतःची लाज वाटली. मी डोळे पुसले. डोळे पुसून झाले तेव्हा आई बाल्कनीत कपडे काढत होती, आणि अर्धी दोरी रिकामी झाली होती.

संध्याकाळी आजीचा फोन आला, गावाहून. आई दोन मिनिटं बोलली आणि फोन माझ्या हातात देऊन गेली.

"रितू," आजी हळू आवाजात म्हणाली, "तुही माय बरी हाय ना?"

"हो. का?"

"ते बोलून रायली का रेडिओ लागला होता?"

"आजी, आई तशीच बोलते आता. व्हिडिओमुळे."

"तसं नाही वं. मी बोलली का ते बोलते. मी चूप झाली का ते चूप. पयले आम्ही दोघी चूप बसलो तरी फोनवर काईतरी चालू राये. तिचा श्वास ऐकू ये. भांडे वाजत. आता मंधात काईच नाई." थोडा वेळ तिच्या बाजूने कोंबड्यांचा आवाज येत राहिला. "मी नाई वयखत का माह्या पोरीले?"

मी म्हटलं नेटवर्क खराब असेल.

५

गुरुवारी शाळेत एक गोष्ट झाली आणि ती मला आईला सांगायची होती.

शाळेत मोबाईल आणायला बंदी आहे, पण अस्मिता आणते. मधल्या सुट्टीत तिने आमचंच एक रील लावलं, अगदी सुरुवातीचं, मला नीट कापता येत नव्हतं तेव्हाचं. त्यात आई म्हणते, "मले त लई तिखट लागते." अस्मिताने ते तीनदा मागे नेऊन लावलं. मुली हसल्या. दुष्टपणे नाही, कशालाही हसतात तशा. मग अस्मिता माझ्याकडे वळली.

"ए ऋतिका, ही तुझी आई आहे ना? वाढदिवसाला आलो होतो तेव्हाचंच किचन वाटतंय."

मी म्हटलं, "नाही. आमच्या ओळखीच्या आहेत."

आणि मीही हसले.

घरी येताना रिक्षात मी तो 'नाही' मनात पुन्हा पुन्हा ऐकत होते. मला समोरासमोर बसून काही सांगता येत नाही. पण दुपारी तीन ते चार मला सगळं सांगता यायचं. आईची पाठ माझ्याकडे असायची, मध्ये मोबाईल असायचा, ती कुठल्यातरी घरापाशी थांबून "हं, मंग?" म्हणायची आणि मी बोलायचे. गणितात पडलेले मार्क, बसमध्ये कोणीतरी मारलेला धक्का, पहिली पाळी, सगळं मी तसंच सांगितलं होतं. मग संध्याकाळी मी ते तुकडे डिलीट करायचे. रीलला त्यांचा काय उपयोग?

त्या गुरुवारी आईने कढई ठेवली आणि मी म्हटलं, "आई, मला एक सांगायचंय."

आई वळली. पूर्ण वळली, चेहऱ्यावर ऊन येईल अशी. "हो, सांग ना!"

मी सांगितलं. अस्मिताचं, हसण्याचं, मी काय म्हणाले त्याचं. शेवटचं वाक्य मी फरशीकडे बघत बोलले. मी वर पाहिलं. आई हसत होती. सुरुवातीला होतं तेवढंच हसू, कमी नाही, जास्त नाही.

"किती छान सांगितलंस," ती म्हणाली. "असंच मनमोकळं सांगत राहा. आणि हो, मिरच्या भाजण्याआधी देठं काढायला विसरू नका."

"आई, मी म्हटलं की तू माझी आई नाहीस."

"अगदी बरोबर," आई म्हणाली आणि शेगडीकडे वळली.

मी संडासात जाऊन कडी लावली आणि बराच वेळ नळ सोडून बसले. तिला ऐकू आलं नसेल. पंख्याचा आवाज असतो. किंवा तिला इतकं लागलं असेल की ती मुद्दाम तसं बोलली. पुण्यात राहून टोमणा मारायला शिकली असेल. मला हे कारण आवडलं. ती रागावली असेल तर ठीक होतं. रागावलेली आई परत येते.

६

शनिवारी मी ठरवलं की काहीच कापायचं नाही.

मोबाईल स्टँडवर लावला. या वेळी चौकट थोडी मोठी ठेवली, म्हणजे ओट्याबरोबर डावीकडची खुर्चीही दिसेल. खुर्चीत मी बसणार होते. मला फोटोत यायला आवडत नाही, पण मला खात्री करायची होती. तीन वाजून पाच मिनिटांनी बटण दाबलं आणि भिंतीवरच्या घड्याळासमोर बसून राहिले. आईने गरम मसाल्याचं सगळं सामान भाजलं. मी एकदाही बटणाला हात लावला नाही. पावणेचारला बंद केलं. चाळीस मिनिटं. माझ्या मांडीवर वही होती, त्यात मी दर पाच मिनिटांनी एक काडी काढली होती. आठ काड्या.

व्हिडिओ अठ्ठावीस सेकंदांचा होता.

मी तो पुन्हा पुन्हा लावला. झटके नाहीत, उड्या नाहीत. लवंग, दालचिनी, दगडफूल, धने, सगळं कढईत पडतं, भाजलं जातं, ताटात निघतं, आई हसते. कुठेही घाई वाटत नाही. मी आजवर बनवलेल्या कुठल्याही रीलपेक्षा ते चांगलं होतं.

डावीकडे खुर्ची होती. तिच्या पाठीवर माझी ओढणी लटकत होती. खुर्ची रिकामी होती.

माझा गुडघा तरी दिसायला हवा होता. मी त्या जागी बोट ठेवलं, चित्र मोठं केलं, पार ठिपके दिसेपर्यंत मोठं केलं.

मोबाईल जुना आहे, मी म्हटलं. स्टोरेज भरलं असेल. भरलं की तो रेकॉर्डिंग मध्येच सोडून देतो. असं पूर्वी एकदा झालं होतं. खुर्चीचं मात्र मला काही कारण सापडेना, म्हणून मी त्याचा विचार बाजूला ठेवला आणि स्टोरेज बघायला गेले.

७

स्टोरेज खरंच भरलं होतं. सगळ्यात जास्त जागा एका फोल्डरने खाल्ली होती. गॅलरीत अगदी खाली असतो तो, नुकतंच डिलीट केलेल्या गोष्टींचा. टाकलेलं सगळं तिथे तीस दिवस राहतं आणि मग कायमचं जातं. मी तो कधी उघडलाच नव्हता. कचऱ्याचा डबा कोण उघडून बघतं?

आठशे बारा तुकडे होते. प्रत्येकाच्या कोपऱ्यात किती दिवस उरले ते लिहिलेलं. पहिल्या ओळीत सगळीकडे '१ दिवस' होतं.

मला माझे तुकडे माहीत आहेत. चाळीस सेकंद, एक मिनिट, फार तर दोन. इथे खाली आकडे वेगळे होते. अकरा मिनिटं. बावन्न मिनिटं. एकावर दोन तास नऊ मिनिटं. मी बघत असताना नऊचे दहा झाले.

मी कानात इअरफोन घातले आणि एक तुकडा लावला. तारीख वीस दिवसांपूर्वीची होती.

ओटा. ऊन. आई पाठमोरी, बाजूला मळायला घेतलेली कणीक, एका हाताने कढईत झारा फिरवतेय. "...दत्तोबाचं, इहीर, रंगरावचं..." मग ती खोकली. खोल, छातीतून, डोळ्यांत पाणी येईल असं. कुडत्याला हात पुसले. मला इतकं बरं वाटलं की मी मोबाईल छातीशी धरला.

"आज काहून चूप हायेस वं?" ती न वळता म्हणाली.

आणि माझा आवाज आला. "आई, अस्मिताने वर्गात तुझा व्हिडिओ लावला."

तारीख वीस दिवसांपूर्वीची होती. अस्मिताने व्हिडिओ लावला तो परवा.

"हं, मंग?"

"तिने विचारलं, ही तुझी आई आहे का. मी नाही म्हटलं."

झारा थांबला. आईने गॅस बारीक केला. मी इतकी वर्षं तिची पाठ बघितली आहे, तिचे खांदे कधी हलतात मला कळतं. ती हसत होती.

"एवढ्यासाठी रडून रायली का? येडी पोरगी. मी बी इथं आल्यावर वर्षभर दुकानात बोट दाखवून सामान आनलं. तोंड उघडाची लाज वाटे. इकडं ये."

फ्रेमच्या डाव्या कडेने एक मुलगी आत आली. तिचा हात आधी दिसला, मग वेणी, मग माझा निळा टॉप. तिने आईच्या पाठीवर डोकं टेकवलं. आईने मागे न बघता पिठाचा हात तिच्या केसांवर ठेवला.

मी कधीच फ्रेममध्ये येत नाही. आजची खुर्ची सोडली तर कधीच गेले नाही.

मी व्हिडिओ बंद केला. माझे केस चाचपून पाहिले. पीठ नव्हतं.

८

रविवारी बाबांची दुसरी शिफ्ट होती. ते दोनला गेले. मी दिवसभर घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत होते, काही हातात धरवत नव्हतं. आई हॉलमध्ये जमिनीवर बसून गवार निवडत होती. शेंग मोडण्याचा आवाज येत होता, एकसारख्या अंतराने.

मला वाटत होतं तो उपाय सोपा होता. मी जे काढलं ते परत ठेवायचं. बस्स. सगळं परत जागेवर गेलं की आईसुद्धा परत येईल, खोकत, घरं मोजत, मले-तुले करत. मी ते सगळं आता तसंच राहू देणार होते. अस्मिताच्या तोंडावर सांगणार होते की हो, ही माझी आई आहे.

सव्वासहा वाजले होते. पहिल्या ओळीवरचं '१ दिवस' जाऊन आता तिथे तास दिसत होते. मी सगळे तुकडे निवडले आणि परत आणायचं बटण दाबलं. मधोमध एक गोल फिरायला लागला. मोबाईल हातात गरम झाला, मग इतका गरम की मी तो सोफ्यावर ठेवला. स्क्रीन काळी झाली.

मी आईकडे बघितलं. शेंग मोडली. शेंग मोडली. शेंग मोडली.

"आई?"

"हो, सांग ना!"

काहीच बदललं नव्हतं.

मग मला वास आला. धने भाजल्याचा. आई माझ्यासमोर बसली होती, गॅस बंद होता, मी स्वतः दुपारी सिलिंडरचा नॉब फिरवला होता. कुसुमकाकूंकडे काहीतरी चाललं असेल. त्यांच्या खिडकीतून वास वर येतात.

स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. त्याच्या फटीतून फरशीवर उन्हाची एक पट्टी पडली होती, पिवळी, तीन वाजताची. हॉलच्या खिडकीबाहेर सगळं करडं झालं होतं, खाली कोणीतरी पार्किंगमधला दिवा लावला होता.

टक, आतून आवाज आला.

मी दारापर्यंत गेले. मागे शेंगा मोडत होत्या. आतमध्ये कोणीतरी खोकलं आणि कोणीतरी हसत म्हणालं, "पाणी पी आधी." ते हसणं मी ओळखत नव्हते. आपण हसतो तेव्हा आपल्याला ते बाहेरून कधी ऐकू येतं?

फटीला डोळा लावला. शेगडीचा कोपरा दिसत होता, कढई, वाफ. दोन पाठी दिसत होत्या, एकमेकींना टेकलेल्या. एकीच्या केसांवर पीठ होतं. दोघी मिळून घरं मोजत होत्या, मोठीने नाव घ्यायचं, लहान मुलीने तेच पुन्हा म्हणायचं. वेणूबाईचं. वेणूबाईचं. रंगरावच्या पुढची घरं मला माहीत नव्हती. तिला माहीत होती.

मला आत जायचं होतं. दार ढकलायला मी हात वर केला. दार हललं नाही. कडी लागल्यासारखं नाही, भिंतीवर रंगवलेलं असावं तसं.

"आई," मी म्हटलं. मग मोठ्याने. माझ्या आयुष्यात मी इतक्या मोठ्याने कोणाला हाक मारली नव्हती. "आई!"

"हो, सांग ना!" मागून आवाज आला.

आतली घरं थांबली. झारा थांबला. निळा टॉप वळला. मला तिचा चेहरा पूर्ण दिसला नाही, ऊन मध्ये येत होतं. ती दाराकडे बघत होती, थेट माझ्याकडे.

"आई, बाहेर कोण आहे गं?" तिने विचारलं.

आई वळलीसुद्धा नाही.

"कोनी नाही वं," ती म्हणाली. "कोनाचं तरी रील चालू असन."